हातात की पेटीत

"नाम्वाले आजी, माझे किती झाले?"

तियामिकेनं विचारलं आणि आंब्याखाली बसलेल्या बायकांची कुजबुज एकदम बंद पडली. बचत गटाच्या वाटणीच्या दिवशी नाव पुकारल्याशिवाय पोरांनी बोलायचं नसतं. पोरांनी आईच्या मागं बसायचं, तळलेल्या मंदासी खायच्या, तेलकट बोटं आईच्याच कमरेच्या चितेंजेला पुसायची आणि गप्प राहायचं. पण काल पाणवठ्यावर तामांडा आणि मर्सीनं तिला पैजेला उभं केलं होतं. भर बैठकीत, उभं राहून, मोठ्यानं विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर तुझी बादली आम्ही वाहू.

"आणि आवाज कापला तर?" मर्सीनं विचारलं होतं.

"कापला तर मी तुमच्या दोघींच्या वाहीन. महिनाभर."

आवाज कापला नाही. उलट जरा जास्तच मोठा निघाला. किनाऱ्यावर उसिपा वाळत घातलेल्या मचाणांपर्यंत गेला असावा, कारण तिथं मासे पालथे करणाऱ्या दोघी-तिघी मान वर करून बघायला लागल्या. तियामिकेनं शाळेचा गणवेश घातला होता, सुट्टी असूनही. कॉलर कडक, बूट पुसलेले. प्रश्न विचारला असला तरी उत्तर तिच्याजवळ तयार होतं. एक लाख दहा हजारांच्या वर. फक्त ते नाम्वाले आजीच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकायचं होतं, म्हणजे मिशनच्या नर्सिंग शाळेत जागा मिळालेली मुलगी जानेवारीत फी कशी भरणार ही गावाची चिंता एकदाची मिटली असती.

गावाला चिंता होती हे खरं. गावातून दोनच मुली निवडल्या गेल्या होत्या, तामांडा आणि तियामिके. शिकायला जायचं ते शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर, पण जागा राखायला जानेवारीतच पहिले एक लाख क्वाचा भरायचे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. भेटेल ती बाई विचारायची, "तामांडाचं ठीक आहे गं, तुझं कसं?" तियामिके हसायची. तामांडाची आई विधवा, मचाणांवर रोजानं मासे उलटणारी. तिचं ठीक आणि माझं नाही? लोकांना हिशेब येत नाही, दुसरं काय.

हिशेब तिला येत होता. सत्र संपायच्या आधी काफुवा सरांनी वर्गात सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकवलं. "पुस्तकातलं उदाहरण नको," ते म्हणाले, "कुणाची खरी बचत आहे का?" तियामिकेचा हात सगळ्यांच्या आधी वर. पाच हजार. जन्माच्या वेळी तिच्या सख्ख्या आजीनं गटाच्या पेटीत तिच्या नावानं टाकलेले. मुलांच्या पैशावर वर्षाला शेकडा वीस. वर्षं सतरा. सरांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक सरळ, शिडी टेकवून ठेवावी तशी. दुसरी सुरुवातीला तिच्याच खांद्याला खांदा लावून चालणारी, मग हळूच सुटणारी, आणि शेवटी फळा पुरेना म्हणून सरांनी भिंतीवर नेलेली. वर्ग हसला. सरळ रेघेवर बावीस हजार. भिंतीवरच्या रेघेवर एक लाख दहा हजार नऊशे आणि वर काही.

"सर, पण मग सरळव्याज घेतो कोण?" तियामिकेनं विचारलं होतं. "इतकं कोण वेडं असतं?"

"ज्याला डिसेंबरात पैसे लागतात, तो," सर म्हणाले आणि त्यांनी फळा पुसला. भिंतीवरचा खडू मात्र सत्र संपेपर्यंत तसाच राहिला. तियामिके येता-जाता त्याच्याकडं बघायची, आपल्या नावाची पाटी असावी तशी.

नाम्वाले आजी गटाची अध्यक्ष, आणि किनाऱ्यावरच्या मचाणांची मालकीणही. तिच्यापुढं कापड अंथरलेलं, कापडावर तीन कुलपांची पेटी, आणि तीन कुलपांच्या किल्ल्या तीन वेगळ्या बायकांच्या गळ्यात. आजीनं चष्मा वर सरकवला.

"तुझे किती झाले म्हणजे काय गं? पाच हजार."

तियामिके हसली. "ती मुद्दल, आजी. मी सगळे मिळून विचारतेय. व्याजासकट."

कुणीतरी मागून खुदकन हसलं, आणि मग हसणं आवरून घेतल्यासारखा खोकला आला. आजी हसली नाही. तिनं तियामिकेच्या आईकडं पाहिलं. आई दुसऱ्या रांगेत बसली होती आणि चितेंजेच्या टोकाची गाठ सोडत होती, परत बांधत होती.

"सगळे मिळून सहा हजार. पाच मुद्दल, एक या वर्षीचं व्याज," आजी म्हणाली. "आधीचं व्याज दर वर्षी हातात दिलं."

"कुणाच्या हातात?"

हा प्रश्न पैजेत नव्हता.

"पोरी, आधी खाली बस," आजी म्हणाली. पण तियामिके बसली नाही, तेव्हा तिनं उभ्या मुलीला समजावतात तसं समजावलं. वाटणीला नाव पुकारलं की त्या वर्षाचं व्याज कापडावर मांडतात. मग एकच शब्द बोलायचा. 'हातात' म्हटलं तर पैसे उचलून न्यायचे. 'पेटीत' म्हटलं तर ते मुद्दलीत पडतात आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावरही व्याज चढतं. मूल लहान असेल तर शब्द आई बोलते. "तुझ्या आईनं दर वर्षी 'हातात' म्हटलं. तामांडाचेही त्याच वर्षी पाच हजारच पडले होते, पण तिच्या आईनं दर वर्षी 'पेटीत' म्हटलं. यात लपवलेलं काही नाही. इथंच, या कापडावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालंय. तूही होतीस की. मांडीवर."

होती. तेच तर होतं. तियामिकेला ते असं आठवलं, की कानाची पाळी गरम झाली.

गटाची एक रीत होती. पेटी चोरीला जाते, वही भिजते, पण तोंडात बसलेला आकडा कुणी नेत नाही, म्हणून प्रत्येक मुलानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि मग सगळ्यांनी त्याच्या मागून म्हणायचा. छोटी तियामिके टुणकन उठायची आणि ओरडायची, "पाच हजार!" सगळ्या बायका मागून, "पाच हजार." ती कधी चुकली नाही. चुकणार कशी, आकडा कधी बदलतच नव्हता. आणि शेजारी तामांडा, नाक पुसत, "आठ हजार... सहाशे..." तिथंच अडकलेली, आई मागून "चाळीस, चाळीस" असं पुटपुटतेय. पुढच्या वर्षी तर "दहा हजार तीनशे अडुसष्ट" म्हणताना ती रडलीच होती. तियामिके तिला चिडवायची. "तुला दर वर्षी नवीन पाठ करावं लागतं, कारण तुला जुनं येत नाही." आपला आकडा सोपा, गोल, शहाण्या मुलीचा. तामांडाची आई दर वर्षी आणखी पैसे टाकत असेल, म्हणून तो बदलतो, असं तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. विधवा बाई पैसे कुठून टाकणार, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही. सेकंडरीत गेल्यावर वाटण्या तिला कंटाळवाण्या वाटायला लागल्या आणि ती यायचीच बंद झाली.

"तामांडाचे किती झाले?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. भिंतीवर लिहिलेलं होतं.

तामांडा आईच्या मागं बसली होती. तिनं मान खाली घालून आकडा म्हटला, या वेळी एकदाही न अडखळता. बायकांनी सवयीनं तिच्या मागून म्हटला. एक लाख दहा हजार नऊशे तीस. एकसुरात, प्रार्थनेसारखा.

"आता तू फॉर्म चारला आहेस, शाळेच्या शेवटच्या वर्गात," नाम्वाले आजी म्हणाली. आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊपणा तियामिकेला सगळ्यात जास्त बोचला. "या वर्षीपासून शब्द तुझा. मुद्दलीचाही. हातात की पेटीत?"

"हातात, हातात," पलीकडून आवाज आला. किनाऱ्यावर उलट्या टाकलेल्या नावेला टेकून तिचे बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. ते गटात नव्हते, पण वाटणीच्या दिवशी जाळं नेमकं तिथंच फाटायचं. "तिला काय विचारायचंय? मोकळं करा तिचं नाव."

"तुमचा शब्द इथं चालत नाही, बाबा," नाम्वाले आजी म्हणाली. "आत्तापर्यंत चालत होता, तो तुमच्या बायकोच्या तोंडून." मग तियामिकेला, "सगळ्यांची वाटणी होईपर्यंत कापड अंथरलेलंच आहे. जेवून ये. मग सांग."

ती वाळूतून निघाली तशी तामांडा मागून पळत आली.

"बादली कधीपासून वाहायची?" तामांडानं विचारलं. विनोद करायचा होता, पण जमला नाही.

"तुला माहीत होतं."

"सगळ्यांनाच माहीत होतं."

"सगळ्यांचं राहू दे. तुला माहीत होतं, आणि तू मला पैजेला लावलंस."

"मग काय करणार होते?" तामांडा थांबली. "तू वर्गात हात वर केलास तेव्हाच मला सांगायचं होतं. पण कसं सांगायचं? तुझी आई तुझे पैसे खाते, असं? तू माझं तोंड फोडलं असतंस. तू तर सगळ्यांना सांगत सुटली होतीस, माझे एक लाख, माझे एक लाख. जानेवारीत मिशनच्या दारात कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं."

"इथं. चाळीस बायकांसमोर."

"त्या बायका आधीपासून समोरच होत्या, तियामिके."

तियामिकेला तिला मारावंसं वाटलं. त्याहून जास्त, तामांडाचे अनवाणी पाय दिसले तेव्हा स्वतःला. तामांडानं आयुष्यात नाताळला नवे बूट घातले नव्हते. तिच्या घरी नाताळला उकडलेला कसावा असायचा आणि तियामिके नवा फ्रॉक घालून मुद्दाम तिच्या दारावरून जायची. गावही म्हणायचं, काय ही बाई, पोरीला स्वतःच्या पैशाचं व्याजसुद्धा खाऊ देत नाही.

"तुझी आई रडायची का कधी? पेटीत म्हणताना?"

"एकदा," तामांडा म्हणाली. "बाबा गेले त्या वर्षी. पण म्हणाली पेटीतच."

घरी मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा तयार होती. आई तिच्या आधीच पोचली होती आणि मासे वाढत होती, डोकी तियामिकेच्या ताटात, मोठे तुकडे ब्लेसिंग्जच्या. ब्लेसिंग्ज, तिचा भाऊ, दारात बसून मोबाइलवर मोटरसायकलींचे फोटो बघत होता. गेले सहा महिने तो हेच करत होता. मोटरसायकल घ्यायची, रस्त्यावर प्रवासी वाहायचे. पहिल्या हप्त्यात थोडे कमी पडत होते.

बाबा आले, हात धुतले, बसले. न्सिमाचा गोळा बोटांनी वळत म्हणाले, "तमाशा झाला तो झाला. आता जाऊन सहा हजार उचलून आण. गाडी रस्त्यावर आली की हाच तुझी फी भरेल."

"जानेवारीत?"

"जानेवारीत कशी? गाडीला वेळ लागतो."

"जागा जानेवारीत जाते, बाबा."

"मग पुढच्या वेळी. जागा काय पळून जाते?"

तियामिके ताटाकडं बघत होती. "पाच हजारांत आपल्या आजीला तेव्हा एक शेळी आली असती. तिनं शेळी नाही घेतली, माझ्या नावावर टाकले. आज त्या पाच हजारांत धड एक कोंबडी येत नाही."

"तेच सांगतोय मी. पैसा पडून सडतो. वापरलेला बरा."

"पडून नाही सडला. पडून राहूच दिला नाही म्हणून सडला. तामांडाचा पडून होता."

ब्लेसिंग्ज मोबाइलमधून डोकं वर न काढता हसला. "फॉर्म चार बोलतोय."

"तुझी फी माझ्या व्याजातून गेली," तियामिके म्हणाली. "दोन वर्षांची, आणि तू दोन्ही वर्षं नापास झालास. मागच्या डिसेंबरचे हजार कुठं गेले, सांगू? ते तुझ्या हातात आहेत. रिचार्ज झालेत."

"आणि तू?" बाबांचा आवाज चढला. "तुझे फ्रॉक कुठून आले? तो पिवळा? ते पट्ट्याचे बूट? ती चॉकलेटं? तुझंच तू खाल्लंस. सतरा वर्षं घरात राहतेस, त्याचं भाडं मागितलं का मी?"

पिवळा फ्रॉक तिला फार आवडायचा. त्याला मागं मोठी गाठ होती, आणि तो घालून ती तामांडाच्या दारासमोर तीनदा गिरकी घ्यायची. त्या एका फ्रॉकचे आज किती झाले असते, हा हिशेब तिनं वाळूतून घरी येताना करून टाकला होता. करायला नको होता.

"आई," ती म्हणाली. "तू का म्हणायचीस 'हातात'?"

आई इतका वेळ पळी धूत होती. आधीच धुतलेली पळी.

"पहिल्या वर्षी तुला ताप आला होता," ती म्हणाली. "हिवतापाचा. डोळे पांढरे केले होतेस. ते हजार दवाखान्यात गेले. तेवढे खरे."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी ताप नव्हता." आईनं पळी खाली ठेवली. "पण तोंडाला शब्द बसला होता. नाव पुकारलं की तोच यायचा. तुझे बाबा नावेपाशी बसलेले असायचे. 'पेटीत' म्हणायचं तर घरी येऊन भांडावं लागलं असतं. मला वाटायचं, एक हजारासाठी काय भांडायचं? दर वर्षी एक हजारच तर होते."

"दर वर्षी एकच हजार होते, कारण दर वर्षी तू ते उचललेस."

"मला तुझं गणित येत नाही गं."

"तामांडाच्या आईलाही येत नाही," तियामिके म्हणाली. म्हटल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. आईचा चेहरा एकदम म्हातारा झाला. पण बोललेलं परत घ्यायला ती उठली नाही.

बाबा गोळा तोडत होते. "झालं का? मग जा. कापड उचलतील."

तियामिकेनं ताट बाजूला सारलं. डोकी तशीच राहिली होती. तिनं हात धुतले, गणवेशाची कॉलर सरळ केली, आणि दारात ब्लेसिंग्जचे पाय ओलांडून पुन्हा आत वळली, कारण हे पाठमोरं बोलायचं नव्हतं, तोंडाकडं बघून बोलायचं होतं.

"मी 'पेटीत' म्हणणार आहे," ती म्हणाली. "सहाच्या सहा हजार. सोमवारी मिशनमध्ये जाऊन सिस्टरना मीच सांगेन, की माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला द्या. तुम्ही कुणी येऊ नका, मी तिथं रडणार आहे आणि मला तुम्ही सोबत नकोत. शनिवारी आणि परीक्षा झाल्यावर रोज मी नाम्वाले आजीच्या मचाणांवर मासे उलटायला जाईन. मजुरी घरात येणार नाही, तिथूनच पेटीत जाईल. घरात पाणी मी भरेन, न्सिमा मी ढवळेन, त्याचं भाडं समजा. पण वाटणीच्या दिवशी माझं नाव पुकारलं की बाबा, तुम्ही नावेपाशी बसायचं नाही, आणि आई, तू तोंड उघडायचं नाही. दोन वर्षांनी मी पुन्हा अर्ज करेन. तोवर माझा आकडा दर वर्षी बदलेल. तो तुम्हाला सगळ्यांच्या मागून म्हणावा लागेल. आत्तापासून पाठ करायला लागा."